ताठ पायांची येसू आणि पदव्युत्तर साळिंदर

एका जंगलात, मुलांनो, येसू नावाची सांबरीण राहत होती. एकदा ती कड्यावरून घसरली. डोक्याला मार बसला आणि उजवीकडचे दोन्ही पाय लाकडासारखे ताठ झाले. पुढचा पाय वाकेना, म्हणून तळ्याला तोंड लागेना. तिचा नवरा धनाजी शेवाळ भिजवून आणायचा. ते चोखून ती तहान भागवायची.

शेवटी दोघं डॉक्टर साळिंदराकडे गेली.

साळिंदर प्रामाणिक होता. म्हणाला, "वहिनी, पाय मोडला असता तर बांधला असता. हे स्नायू आखडण्याचं प्रकरण मला येत नाही. मी शिकून येतो."

"तोवर मी काय करू?"

"तोवर अशाच राहा. बऱ्या होऊ नका. आल्यावर मला पहिली केस लागेल."

टेकडीवर प्राचार्य सारसाचा पदव्युत्तर वर्ग चाले. विषय एकच, स्नायूंचा ताठरपणा. प्रात्यक्षिकाला सागाचा ओंडका ठेवलेला.

"सर, खरा रोगी का नाही?" साळिंदरानं विचारलं.

"रोगी मध्येच बोलतो. विषय भरकटतो."

सगळ्यांनी ओंडका चोळला, शेकला, ताणला. ओंडक्याची काही तक्रार नव्हती. सगळे पहिल्या वर्गात पास झाले.

साळिंदर गळ्यात हार घालून परतला. सोबत सारस आणि अख्खा वर्ग.

येसू म्हणाली, "डॉक्टर, पुढचा पाय तेवढा वाकेल असं करा. मागच्याला हात लावू नका. तो ताठ आहे म्हणून तर मी उभी आहे."

साळिंदर घुटमळला. त्यानं सारसाकडे पाहिलं.

"ओंडका असं काही बोलला होता का?" सारसानं विचारलं.

"नाही, सर."

"मग?"

साळिंदरानं स्नायू सैल करणाऱ्या मुळीच्या रसात आपले काटे बुडवले आणि चारही पायांत टोचले. येसू ओल्या धोतरासारखी खाली कोसळली. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"अहो, हिला उभी करा!" धनाजी रडकुंडीला आला.

"उभं करणं पुढच्या वर्षीच्या अभ्यासक्रमात आहे," सारस म्हणाला.

टाळ्या ऐकून बिबट्या आला. सारसाला वाटलं, बाहेरचे परीक्षक आले.

"रोगी मऊ झालाय का?" बिबट्यानं विचारलं.

"लोण्यासारखा, सर!"

बिबट्यानं खूश होऊन डरकाळी फोडली. आता मुलांनो, भीतीनं असे स्नायू आणखी आखडतात. ओंडक्याला कुणी घाबरवून पाहिलं नव्हतं, म्हणून हे वर्गाला ठाऊक नव्हतं. येसूचे पाय खाडकन ताठ झाले. ती उभी राहिली! धनाजीनं तिच्या कुशीला खांदा दिला आणि दोघं लंगडत, धडपडत झाडीत पसार झाली.

बिबट्या मागे धावणार, तोच सारसानं त्याची वाट अडवून हार घातला. "एका डरकाळीत रोगी उभा! सर, तुम्ही आम्हाला शिकवायला या."

येसूला पलीकडे एक धबधबा सापडला. ती आता मान वर करून पोटभर पाणी पिते.

आणि टेकडीवर बिबट्या प्राध्यापक झाला आहे. विद्यार्थी पापणी न लववता ऐकतात. दर आठवड्याला एक बाक रिकामं होतं. साळिंदर तेवढा टिकून आहे. त्याला काटे आहेत.

तात्पर्य : घेतलेलं शिक्षण कधी वाया जात नाही. कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातंच.