खैरनार सरांचे मूग-हरभरे

आमचे खैरनार सर जाग्या माणसाशी बोलत नसत. भूल दिलेल्या माणसाशी मात्र त्यांच्या गप्पा रंगत.

कॅन्टीनमध्ये "सर, चहा?" विचारलं तर "हं." घरी कुणी वारलं का विचारलं असतं, तरी "हं." पण पेशंट झोपला, घशात नळी बसली, की सर स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसत, अंगठ्याने पापणी वर करत आणि सुरू होत. "काय अण्णा, सटाण्याचे का? मी बी तिकडचाच. कांदा काय म्हणतोय?" मंदा सिस्टर मला कोपर मारायच्या. "एखाद्या जागत्या बाईशी एवढं बोलले असते ना, तर लग्न झालं असतं यांचं!"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात मी सरांच्या हाताखाली भूलशास्त्र शिकत होते. बोलायला मलाही फारसं आवडत नसे, त्यामुळे आमचं बरं जमे.

सरांना पेशंटकडून उत्तरं मिळत, ती डोळ्याच्या बाहुलीतून. झोपेतही कापल्याची वेदना पोचली, की बाहुली मोठी होते. फेन्टॅनिल, म्हणजे वेदना मारणारं औषध, पुरेसं दिलेलं असेल तर ती बारीक राहते, सुरी फिरली तरी हलत नाही. माझ्या पुस्तकात हे मिलिमीटरमध्ये होतं, सरांकडे धान्यात. मूग म्हणजे ठीक. हरभरा म्हणजे दुखतंय. मोहरी म्हणजे डोस जास्त झाला, "आता हा श्वास घ्यायला विसरणार." सर्जनसाहेब हसत. "काय खैरनार, आज उसळ कसली?"

एका दुपारी मखमलाबादची एक भाजीवाली आली. गर्भनलिका फुटून पोटात रक्त साठलेलं. बीपी इतकं कमी, की भूल हलकीच ठेवावी लागली. स्नायू सैल करणाऱ्या औषधामुळे तिला बोटही हलवता येत नव्हतं. नाडी रक्त गेल्यानेच धावत होती, तिच्यावरून काही कळेना. सर्जनसाहेबांनी चिमटा लावून रक्त थांबवलं आणि पुढे हात घातला.

"हरभरा," सर म्हणाले. "थांबा."

"बीपी बघा आधी! फेन्टॅनिल दिलंत तर जाईल ती."

"ताई म्हणतेय, दुखतंय."

"ती काही म्हणत नाहीये, खैरनार! झोपलीय!"

"तिला म्हणता येत नाही म्हणून तर मी आहे इथं. चिमटा बसलाय ना? हात काढा."

सर्जनसाहेबांचे हात हवेत राहिले. सरांनी मला रक्ताची पिशवी दाबायला लावली आणि सुई हातात घेतली. "थोडं थोडं देतो हं ताई. घाई नाही आपल्याला."

बीपी आणखी घसरलं. "सर..." मी म्हणाले. त्यांनी ऐकलंच नाही. मी पिशवी दाबत राहिले. आकडा एका जागी अडला, मग हळूहळू वर सरकू लागला.

"साहेब, आता ती नलिका ओढून बघा."

सर्जनसाहेबांनी ओढलं. सर पापणीशी वाकले. सगळे त्यांच्या पाठीकडे बघत होते.

"मूग."

संध्याकाळी मी वॉर्डात गेले, तर सर दाराशीच घुटमळत होते. मला बघून हळूच म्हणाले, "विचार."

"काय?"

"दुखलं का ते."

मी भाजीवालीला विचारलं. "नाय बाई. काय बी नाय कळलं," ती म्हणाली. मग दाराकडे बघून, "ते कोण?"

"भूल देणारे डॉक्टर. तुमच्या उशाशी बसून होते सगळा वेळ."

"मंग उभे का? या की भाऊ."

सर आले. सलाईनची नळी उगाच तपासली. मग जमिनीकडे बघत त्यांनी विचारलं, "खरंच नाही ना दुखलं?"

तिने हसून 'नाही' अशी मान हलवली. सर खालीच बघत होते, त्यामुळे ते मलाच सांगावं लागलं.