पाटीखालचा नियम

"हात नका लावू. मी सरकारी शे!"

लोटनआप्पांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, ते गावात लस टोचायला आलेल्या माणसानं त्यांचा दंड धरला तेव्हा. तो बिचारा दोन पावलं मागे सरला. त्याला वाटलं, कुणी अंमलदारच असावा. अंमलदारांच्या अंगात बंडी होती, कमरेला पंचा होता आणि गळ्यात दोरीला बांधलेली शिटी. शिटीच्या पोटातला गोळा कधीच हरवला होता. फुंकली की नुसती हवा निघायची. पण आप्पा ती गाल फुगवून अशा ऐटीत फुंकत, की समोरचा आपोआप थांबे.

आमचं गाव तापीच्या काठचं. सुरतेहून बऱ्हाणपूरला बैलांचे तांडे जात, त्या जुन्या वाटेवरची एक दगडी सराई गावाच्या टोकाला उभी आहे. सात कमानी, पुढे चौक, चौकाबाहेर एक निंब. तांडे जायचे थांबले, सराई राहिली. स्वातंत्र्यानंतर एक साहेब आले, त्यांनी फीत लावून भिंती मोजल्या, एक निळी पाटी ठोकली आणि जीपमध्ये बसता बसता समोर दिसलेल्या लोटनआप्पांना म्हणाले, "जरा लक्ष ठेवा हं, बाबा."

एवढंच. हुकूम नाही, पगार नाही. पण आप्पांनी त्याच आठवड्यात बाजारातून शिटी आणली. ते सातव्या कमानीत राहत होते. सराई सरकारनं राखलेली, आपण सराईतले, म्हणून आपणही सरकारनं राखलेले! या हिशेबात चूक काढायची माझी तरी छाती झाली नाही, आणि मी शाळेत गणित शिकवत होतो.

पाटीवर चार ओळी होत्या, त्या इंग्रजीत. आप्पांना कोणत्याच भाषेतलं अक्षर येत नव्हतं. तरी येईल त्याला ते पाटी वाचून दाखवत. पहिल्या ओळीवर बोट, "खिया ठोकाना नही." आमच्याकडे ळ चा य होतो, तेव्हा खिया म्हणजे खिळा. दुसऱ्या ओळीवर बोट, "चुना लावाना नही." तिसरीवर, "ढोर बांधानं नही." चौथीवर, "थुकानं नही." पाटी इथं संपायची. आप्पा संपत नसत. बोट पाटीच्या कडेवरून उतरून खालच्या कोऱ्या दगडावर यायचं, आवाज एकदम हळू व्हायचा आणि ते शेवटचा नियम वाचायचे, "आठे जो उना, त्याले हाकलानं नही." म्हणजे इथं जो आला, त्याला हाकलायचं नाही.

ही इमारत संरक्षित आहे, नासधूस करील त्याला शिक्षा होईल, याखेरीज पाटीवर काहीही नव्हतं. एकदा माझ्यातला खोडकर मास्तर जागा झाला.

"आप्पा, तुमचं बोट पाटीच्या बाहेर गेलं."

"पाटी धाकली पडनी, गुरजी. त्याले मी काय करू?"

मी खूप हसलो. पुढं कधीतरी निंबाखाली शेंगा फोडता फोडता त्यांनी सहज सांगितलं, आणि मग त्या नियमाला मी हसलो नाही. आमच्याकडचे म्हातारे ज्याला छप्पन्या म्हणत, त्या दुष्काळात त्यांची आई त्यांना कडेवर घेऊन या वाटेनं आली. सातव्या कमानीत टेकली ती उठलीच नाही. मूल कुणाचं, जात कोणती, गाव कोणतं, कुणालाच ठाऊक नाही. तेव्हाच्या राखणदारानं विचारलंही नाही. भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून भरवला आणि राहू दिलं.

आमच्या गावात शाळा होती, पण पुस्तक घ्यायचं तर नंदुरबार गाठावं लागे. केळी आणि कापसाची शेती असलेले मगनभाई हे गावातल्या मंडळाचे अध्यक्ष, मी चिटणीस. सराईत सार्वजनिक पुस्तकभांडार काढायचं आम्ही ठरवलं आणि साहेबांच्या कचेरीकडे अर्ज केला. तोंडी होकार आला. अर्जाची नक्कल आप्पांना दाखवायला गेलो, तर त्यांनी ती हातातही घेतली नाही. "कागदनं काय? वारा उना का उडी जास. पाटी उडत नही." मग जरा विचार करून म्हणाले, "पुस्तकं मुक्कामले येवाव शेत का? येऊ द्या. नियमच शे."

नंदुरबार स्टेशनावरून पुस्तकांच्या पेट्या गाडीनं आल्या. मगनभाईंनी फळ्या ठोकायला सुतार आणला. सुतारानं हातोडा उचलला, तशी आप्पांनी शिटी फुंकली. अर्थात तिचा आवाज झाला नाही. मग ते भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"पहिले माले ठोक!"

"अरे आप्पा, मग पुस्तकं ठेवायची कुठं? तुमच्या डोक्यावर?" मगनभाई ओरडले.

आप्पांनी सातव्या कमानीतल्या आपल्या खाटेकडे बोट दाखवलं. सराईत मुक्कामाला आलेल्याला काय देतात? खाट! गावानं सात खाटा दिल्या. प्रत्येक कमानीत एक, तिच्यावर गोधडी आणि गोधडीवर पुस्तकं, प्रवासानं दमल्यासारखी ओळीनं निजलेली. सातव्या कमानीत आप्पांची स्वतःची खाट भिंतीकडे सरकली, एवढंच.

उद्घाटनाला तीन दिवस होते, तेव्हा लेखी परवानगी आली. अटी चार. खिळा ठोकू नये, चुना लावू नये, गुरे बांधू नयेत. आप्पांचे नियम सरकारला पोस्टानं पोचले होते की काय, कोण जाणे. पण चौथी अट आप्पांच्या नियमांत नव्हती. इमारतीत कोणीही वास्तव्य करू नये.

"तुम्ही सांगा, गुरुजी," मगनभाई म्हणाले. "मला नाही जमायचं." आणि ते खरोखरच निघून गेले.

मी आप्पांसमोर पत्र उघडलं. ओळीवर बोट ठेवून एकेक अट वाचली. तिन्ही अटींना त्यांनी मान डोलावली. चौथ्या ओळीवर मी बोट ठेवलं आणि वाचलं, "येथे जो आला, त्यास हाकलू नये."

आप्पा माझ्या बोटाकडे बघत राहिले. "फिरी वाचा," म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची खाट चौकाबाहेर, निंबाखाली होती. वर गाठोडं, शेजारी मडकं.

"हे काय, आप्पा?"

"तीन ओयी तुमी भरभर वाच्यात, गुरजी. चौथीवर तुमना घसा सुकना. फिरी वाचाले सांगं, तं बोट दुसऱ्याच ओयवर व्हतं." त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "माले वाचता येत नही. पन बोट कसं खोटं बोलस, ते माले माहीत शे. इतला वरीस मी तोच धंदा करी ऱ्हायनू."

"अहो, कागद काय, वारा आला की उडतो. तुम्हीच म्हणालात ना?"

"सरकारना कागद शे. मी बी सरकारी शे. मीच मोडू का?"

साठीला टेकलेला तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा सराईबाहेर निजणार होता, आणि त्याला बाहेर काढणारं पुस्तकभांडार माझं होतं.

मी शाळेत गेलो. एक फळी घेतली, तिला निळा रंग दिला. उद्घाटनाच्या सकाळी पांढऱ्या रंगानं तिच्यावर एकच ओळ लिहिली आणि ती सुतळीनं सरकारी पाटीच्याच खिळ्यांना अडकवली, बरोबर खाली.

"गुरुजी, भाषा शुद्ध नाही ही," मगनभाई कुजबुजले.

"नियम त्यांचा आहे, मगनभाई. भाषाही त्यांचीच राहू द्या."

साहेब आले. तेच साहेब. त्यांनी आप्पांना ओळखलं नाही. आप्पा शिटी सावरून पुढं झाले आणि रिवाजाप्रमाणं पाटी वाचू लागले. खिया ठोकाना नही. चुना लावाना नही. ढोर बांधानं नही. थुकानं नही. बोट पाटीच्या कडेवरून खाली उतरलं आणि थबकलं. तिथं दगड नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

"आठे जो उना," आप्पांनी अक्षरांवरून बोट फिरवलं, "त्याले हाकलानं नही."

साहेबांनी खालची ओळ स्वतः वाचली. मग दाराबाहेर नजर टाकली. "ती निंबाखालची खाट कुणाची?"

साहेबांनी आमची तोंडं पाहिली, आप्पांच्या गळ्यातली शिटी पाहिली.

"आत घ्या," ते म्हणाले. "पुस्तकांना लागेल."

मगनभाई स्वतः धावले आणि गाठोड्यासकट खाट पुन्हा सातव्या कमानीत आणली. आप्पा मात्र पाटीपाशीच उभे होते. बोट अजून त्या अक्षरांवरून फिरत होतं.

"आप्पा," मी हळूच म्हणालो, "हात नका लावू. रंग ओला आहे."

त्यांनी ऐकलं नाही. त्या बोटाला लागलेला पांढरा रंग पुढं कितीतरी दिवस त्यांनी धुतला नाही.