लाल वर्तुळातला तरुण

टीव्हीवर तालुक्याचं बसस्थानक दिसलं म्हणून कौसल्याबाई हातावरची अर्धी थापलेली भाकर तशीच घेऊन दारात आल्या. संध्याकाळची बस सारखी रद्द होते म्हणून सकाळी कॉलेजच्या पोरापोरींनी तिथं मोर्चा काढला होता. पडद्यावर मात्र मोर्चा नव्हताच. एक टायर जळत होतं आणि त्या धुरातून दुपट्ट्यानं तोंड बांधलेला एकजण हात उंच करून बसच्या मागं धावत होता. हातात काहीतरी गोल होतं. चॅनेलवाल्यांनी त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढलं होतं. खाली पट्टी फिरत होती, 'यवतमाळ पेटलं!' आणि निवेदिका श्वास न घेता विचारत होती, "कोण आहे हा दगडधारी तरुण? कुणी भडकवलं याला? आजच्या तरुणाईला झालंय तरी काय?"

तरुणाईला काय झालंय ते कौसल्याबाईंना ठाऊक नव्हतं. पण त्या तरुणाच्या अंगातला टी-शर्ट त्यांना चांगला ठाऊक होता. पिवळाधमक, पाठीवर मोठा सात नंबर. मुकुटबनच्या कबड्डी सामन्यात मिळालेला. खांद्यावर उसवला तेव्हा पिवळा दोरा सापडला नाही म्हणून त्यांनीच हिरव्या दोऱ्यानं शिवला होता. चॅनेलनं चित्र मोठं केलं तेव्हा हिरवा दोराही दिसला.

टी-शर्ट संघर्षचा होता. त्यांच्या एकुलत्या एक पोराचा. पोलीस भरतीत त्याचं मैदान झालं होतं, लेखी झाली होती, यादीत नाव आलं होतं. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या विमलताईंचा आवाज आला. "कौसल्या! तुह्या पोराले टीव्हीवर दाखवून राह्यले व! गोल करून!"

आता अर्ध्या गावाला कळलं.

संघर्ष सायकल टेकवून घरात आला, तशी आईनं त्याचा दंड धरला. "कोठी गेलता सकाळी?"

"अभ्यासिकेत. काहून?"

"खरं सांग."

"खरंच सांगून राह्यलो न."

तिनं त्याला टीव्हीसमोर उभं केलं. क्लिप पुन्हा लागली. संघर्षचा चेहरा उतरला. "टी-शर्ट तं माहाच हाय. पण पाय माहे नाही, आई. पाह्य न, डावा पाय कसा फेकून राह्यला तो."

"पाय कोण पाह्यते? टी-शर्ट पाह्यते लोक!"

दाराशी खाकरण्याचा आवाज झाला. गावचे पोलीस पाटील उकंडाजी उंबऱ्यावर उभे होते. त्यांना आत यायचं नव्हतं आणि परतही जायचं नव्हतं. "वहिनी, ठाणेदार साहेबांनी त्या सात नंबरवाल्या पोराले बलावलं. नुसतं विचारपूस हाय म्हणे. तो टी-शर्टबी आणा म्हणे संगं."

"कपडे बदलून येते तो," म्हणत कौसल्याबाईंनी दार लोटलं आणि पोराच्या कानात कुजबुजल्या, "पेटीतून टी-शर्ट काढ. चुलीत घालतो."

"आई, मी पोलिसात जाणार हावो. पुरावा जाळू काय?"

"मंग लपवतो! पण आवाज नको करू. बाबा झोपले हाय, बीपी वाढंल त्यायचं."

दोघांनी पेटी उपसली, दोरीवरचे कपडे पाहिले, गादीखाली हात घातले. टी-शर्ट कुठंच नव्हता. शेवटी आतल्या खोलीतलं कपाट राहिलं, म्हणून कौसल्याबाई पाय न वाजवता आत गेल्या आणि जागीच थांबल्या.

पलंगावर पंजाबराव भिंतीकडं तोंड करून घोरत होते. पाठीवर सात नंबर होता.

"अहो! उठा!"

पंजाबराव दचकून उठले. "काय झालं?"

"हा टी-शर्ट कायले घातला तुमी?"

"माहे सदरे सारे तुनं धुयाले टाकले. उघडा जाऊ काय औषध आणाले?"

"अन् तोंड काहून बांधलं?" संघर्षनं विचारलं.

"ऊन पाह्यलं काय बाहीर?"

"अन् हातात दगड?"

"दगड? कवठ होतं ते! हिनंच सांगितलं न, चटणीले आणा म्हणून. बस सुटून राह्यली होती, केला हात. हात नाही केला तं बस थांबते काय?" मग दोघांची तोंडं पाहून त्यांनी हळूच विचारलं, "थांबली तं नाहीच. पण तुमाले कोणं सांगितलं?"

तिघंही ठाण्यात गेले आणि पंजाबरावांनी सगळं सांगितलं. ठाणेदारांनी मोबाईलवरची क्लिप पाहिली, पंजाबरावांच्या पांढऱ्या मिशा पाहिल्या आणि मान हलवली. "काका, पोरासाठी बाप काहीबी अंगावर घेते. मीबी बाप आहो. पण टीव्हीवर साफ तरुण म्हणून राह्यले."

"त्यायनं माहं आधार कार्ड कोठी पाह्यलं, साहेब?"

"पोराचं नाव काय?"

"संघर्ष."

ठाणेदारांची भुवई वर गेली. कौसल्याबाईंनी डोळे मिटले.

"धावून दाखवा," ठाणेदार म्हणाले.

पंजाबरावांनी तोंडाला दुपट्टा बांधला, हात वर केला आणि ठाण्याच्या आवारात धावत सुटले. बैलानं पाडल्यापासून त्यांचा डावा पाय बाहेर फेकला जायचा. ठाणेदार एकदा मोबाईलकडं पाहत होते, एकदा त्यांच्याकडं. दुसऱ्या फेरीला कौसल्याबाई ओरडल्या, "साहेब, बस करा, बीपी हाय त्यायले!"

ठाणेदारांनी मोबाईल खिशात टाकला. ड्रायव्हरनंही बसला काही लागलं नसल्याचं सांगितलं होतं. "जाय रे संघर्ष. पडताळणीत हे काही येत नाही." मग त्यांनी चॅनेलसाठी ती क्लिप काढणाऱ्या शामला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. पलीकडून शाम म्हणाला, "साहेब, म्हाताऱ्याची बस चुकली, ही काय बातमी हाय?"

क्लिप चालूच राहिली. संध्याकाळची बसही रद्दच राहिली.

पुढच्या सोमवारी कॉलेजच्या पोरापोरींची पुढारी वैष्णवी हिनं पुन्हा मोर्चा काढला. या खेपेला पंजाबरावही गेले. पांढरा सदरा, तोंड उघडं, ऊन लागलं तर लागू द्या म्हणून. ते वैष्णवीच्या बरोबरीनं सगळ्यात पुढं उभे राहिले आणि घसा फुटेस्तोवर ओरडले, "बस आमच्या हक्काची!" शाम कॅमेरा घेऊन आला तसे ते थेट त्याच्यासमोर जाऊन ठाकले. दाखव म्हणावं आता, कोण आहे ते.

शामनं कॅमेऱ्यातून डोळा काढला आणि हातानं खूण केली.

"काका, जरा बाजूले सरका न. तरुणाई दिसून नाही राह्यली."