निळ्या कपातलं विरजण

नेवेनाने फ्रिज उघडला तर निळा कप जागेवर नव्हता. तो ओट्याशेजारी पालथा घातलेला होता, लख्ख धुतलेला. चौतीस वर्षांच्या संसारात ल्युबेनने धुतलेलं हे पहिलंच भांडं.

“ल्युबेन! या कपात काय होतं?”

“दही,” तो अंगणातून म्हणाला. “काल राकिया जरा जास्त प्यायलो ना, म्हणून उताऱ्याला ताराटोर केलं, दह्याचं गार सूप. काकडी, लसूण, शेपू, सगळं मीच चिरलं. आणि कपही धुतलाय, आधीच सांगतो.”

“ते दही नव्हतं, विरजण होतं!”

“विरजण म्हणजे दहीच की गं.”

हे विरजण नेवेनाला सासूकडून मिळालं होतं, सासूला तिच्या सासूकडून. घरातलं बाकीचं दही काल देवळाच्या जत्रेत संपलं होतं. कपातलं तेवढं तिने मुद्दाम राखलं होतं. कारण आज चार वाजता सोफियाहून समिती येणार होती. शहरातली एक कंपनी प्लास्टिकच्या डब्यांवर ‘द्रेनोवित्सा’ हे गावाचं नाव छापून भलतंच दही विकत होती. ते नाव गावाचं की डब्याचं, हे आज ठरणार होतं. अर्ज नेवेनानेच लिहिला होता. त्यात ठसठशीत वाक्य होतं : ‘गावातल्या बेचाळीसही घरांत एकच विरजण नांदतं.’

म्हणूनच ती फारशी घाबरली नाही. एका घरातलं संपलं, एकेचाळीस घरं शिल्लक होती. दही लागायला पाच तास, गार व्हायला दोन. नऊपर्यंत विरजण हातात आलं की झालं.

शेजारच्या पेनकाकडे मातीचं मडकं होतं, वर भरतकामाचा रुमाल. नेवेनाने रुमाल उचलला. आत प्लास्टिकचा डबा होता. त्याच कंपनीचा.

“अगं पेनका!”

“माझं मागच्या थंडीतच नासलं,” पेनका पुटपुटली. “तुझ्याकडे मागायला आले होते. पण तू दारात उभी राहून विरजण कसं जपावं यावर कुणाला तरी सुनावत होतीस. आल्या पावली परतले.”

डोंगराकडच्या गेनोआजोबांनी तर लपवलंही नाही. “मुलगी लिस्बनहून विरजणाच्या पुड्या पाठवते. एक लिटरला एक पुडी. फार सोपं पडतं बघ, पोरी. तुला देऊ?”

तिसऱ्या घरी तिला पाहताच कुणीतरी फ्रिजसमोर आडवं उभं राहिलं. चौथ्या घरी ती गेलीच नाही. गावाचं विरजण एकाच घरात होतं, आणि आता ते ल्युबेनच्या पोटात होतं.

ती परतली तेव्हा ल्युबेन बाकावर बसला होता. “अर्धा वाडगा दुपारसाठी ठेवलाय. तुला हवं तर घे.”

नेवेना थबकली. तीस वर्षं तिने शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं. जिवाणू मेलेले नव्हते. नुसते काकडीच्या संगतीत होते.

“अगं, माझं जेवण!” ल्युबेन ओरडेपर्यंत वाडगा फडक्यातून गाळूनही झाला होता. दूध त्रेचाळीस अंशांवर आलं, दोन चमचे विरजण पडलं, भांडं घोंगडीत गेलं.

चार वाजता समितीच्या कालिना मार्कोवाबाईंनी दह्यात चमचा उभा केला. तो उभाच राहिला. मग त्यांनी एक घास घेतला आणि डोळे मिटले.

“मावशी, हा वास... लसूण? आणि शेपू?”

शेजारी बसलेल्या पेनकाचा चमचा हवेतच थांबला.

“असं दही तुम्ही आणखी कुठे खाल्लंय?” नेवेनाने शांतपणे विचारलं.

“तीनशे गावं पालथी घातली. कुठेच नाही.”

“मग लिहा तसं.”

“पण ही चव येते कशी?”

“ते सगळं माझ्या नवऱ्याचं काम,” नेवेना म्हणाली. यात एक शब्दही खोटा नव्हता. बाईंनी ते लिहून घेतलं.

नोव्हेंबरात शिक्क्याचं पत्र आलं. नाव गावाला मिळालं होतं. तिसरं कलम : दह्याला लसूण व शेपूचा मंद वास असावा. चौथं कलम : विरजण घरच्या पुरुषाने स्वहस्ते सिद्ध करावं.

त्या संध्याकाळी नेवेनाच्या दारात रांग लागली. पुढे गेनोआजोबा, मागे पेनका आणि तिचा कुरकुरणारा नवरा, प्रत्येकाच्या हातात एकेक कप. आठवडाभरात बेचाळीसही घरांत एकच विरजण नांदू लागलं. अर्जातलं वाक्य अखेर खरं झालं.

ल्युबेनने मात्र वाडगा पुढे ढकलला. “बाहेर बर्फ पडतंय. अशा थंडीत कुणी ताराटोर खातं का? आज मला गरम सूप दे.”

“चौथं कलम,” नेवेना म्हणाली. “गुमान खा. अर्धं ठेव. आणि कृपा करून कप धुवू नकोस.”