बॅटरी उतरली की...

आमच्या गल्लीतल्या अंबादास अण्णांच्या गाडीत सीट गरम करणारं कव्हर आहे. होय, मराठवाड्यात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसताना माणूस जिथं आधी सीटला हात लावून बघतो, तिथं अण्णांनी बूड शेकायची वेगळी सोय करून घेतली आहे. "थंडीत कामी यील," असं ते सांगतात. पण घेतलेली वस्तू वापरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, म्हणून कव्हर एप्रिलमध्येही चालू असतं. मग उकडतं. उकडतं म्हणून समोर पंखा बसवला आहे. अण्णा खालून शेकतात आणि समोरून वारा घेतात.

अण्णा खुलताबादकडच्या शेतकरी घरातले. चितेगावच्या एका कारखान्यात नोकरी झाली, निवृत्त झाले आणि हर्सूलला आमच्या शेजारी घर बांधलं. वहिनी गेल्या. एकुलता एक मुलगा योगेश कॅनडात. घरात अण्णा आणि दारात ही जुनी पांढरी गाडी. लाड करायला दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून सगळे लाड गाडीचे.

शहागंजच्या बाजारातून अण्णा कधी रिकाम्या हातानं परत आले नाहीत. गाडीच्या पोटाखाली निळी लाइट आहे, छताला चांदण्या आहेत. मागच्या काचेवर 'शुभ प्रवास' ही अक्षरं रात्रंदिवस पळत असतात. रिव्हर्स घेतला की गाडी आरती म्हणते, त्यामुळे अण्णा गाडी मागे घेत असले की समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी हात जोडतात. डिकीत एवढा मोठा स्पीकर की भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसावं लागतं. आणि बॅटरीवर चहा गरम करणारा एक थर्मास आहे, त्यात चहा गरम होतो की नाही ठाऊक नाही, थर्मास मात्र होतो.

एवढं कशाला, असं कोणी विचारलं की अण्णांचं उत्तर तयार असतं. "गाडी हाय ही, बैलगाडी नाय!"

हे वाक्य मी बहुतेक वेळा त्या गाडीला मागून ढकलताना ऐकलं आहे. कारण या सगळ्या संसाराला वीज पुरवता पुरवता बॅटरी सारखी उतरायची. सकाळी अण्णा सेल मारायचे, आतून नुसता कट्‌कट् आवाज यायचा, आणि मग माझ्या फाटकाशी हाक यायची, "भाऊसाहेब, जरा हात लावा बरं!" मी, पलीकडचे दोघं-तिघं, अंगावर बनियन, कोणाच्या तोंडात ब्रश. अण्णा स्वतः स्टिअरिंगवर बसून हुकूम सोडणार. माझी कंबर आधीच कुरकुरणारी. बायको म्हणायची, "तुमच्या स्कूटरला कधी एवढा हात लावला का?"

पण धक्का सुरू व्हायच्या आधी हमखास अण्णांचा फोन वाजायचा. मागच्या सुट्टीत योगेशनं गाडीला एक छोटी डबी बसवून दिली होती. गाडी कुठं आहे, ते त्याला तिकडं मोबाईलवर दिसतं, आणि बॅटरी उतरली की तसा निरोपही जातो. तो बघून योगेश लगेच फोन करायचा. अण्णा फोन स्पीकरवर टाकायचे, कारण आपला मुलगा कॅनडातून बोलतोय हे गल्लीलाही कळायला पाहिजे.

"बाबा, परत बॅटरी लो झाली. पंखा चालू राहिला का?"

"व्हय रं, ध्यानच राहिलं नाय. तू जेवला का?"

"जेवलो. झोपायलाच चाललो होतो."

"बर्फ पडतोय का अजून? कानटोपी घालतो का नाय?"

मग बर्फ, कानटोपी, भाकरीचं पीठ तिकडं मिळतं का, खुलताबादच्या काकूंचा गुडघा, सगळं व्हायचं. आम्ही डिकीला हात लावून तसेच उभे. मला त्या वेळी मनापासून राग यायचा. ऑफिसची वेळ होत आलेली आणि इथं काकूंचा गुडघा चाललेला!

शेवटी मीच पुढाकार घेतला आणि माझ्या ओळखीच्या रशीदभाईंना घेऊन आलो. ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. त्यांनी बॉनेट उघडलं आणि वायरींचं जंजाळ बघून कमरेवर हात ठेवले.

"अण्णा, ये गाडी है के शादी का मंडप? सब डायरेक्ट बॅटरी पे लगाए तुम. चाबी बंद करे तो बी सब चालूच रहता!"

"झेपतंय की तिला," अण्णा म्हणाले.

"क्या झेपता? रोज तो मरती बिचारी."

दुपारपर्यंत खपून रशीदभाईंनी सगळी जोडणी बदलली. आता चावी काढली की चांदण्या, पंखा, पळती अक्षरं सगळं एकदम बंद. मी खूश. रशीदभाई खूश. अण्णा मात्र बॉनेटपाशी घुटमळत राहिले.

"म्हंजी आता बॅटरी उतरणारच नाय?"

"कब्बीच नै!" रशीदभाई छाती फुगवून म्हणाले.

"बरं," अण्णा म्हणाले. नेहमी चहा घेतल्याशिवाय कोणाला सोडत नाहीत, त्या दिवशी चहाचं विसरले.

त्यानंतर गाडी अर्ध्या सेलात सुरू व्हायला लागली. आमच्या सकाळी मोकळ्या झाल्या. माझी कंबर शांत झाली. अण्णांचं मात्र कुठंतरी बिनसलं होतं. शहागंजच्या फेऱ्या थांबल्या. सकाळी फोन हातात घेऊन ते ओट्यावर बसलेले दिसायचे. एकदा मला म्हणाले, "भाऊसाहेब, मला जरा फोन लावून बघा बरं." मी लावला. त्यांच्या हातातला फोन खणखणीत वाजला. तो पूर्ण वाजून थांबेपर्यंत ते त्याच्याकडं बघत राहिले. "वाजतोय की," एवढं म्हणून आत गेले.

मी विचारलं, योगेश काय म्हणतो? तर त्यांनी मोबाईल दाखवला. रोज सकाळी गुलाबाचं एक चित्र, खाली 'शुभ सकाळ'. गुलाबांची रांगच्या रांग.

पुढच्या रविवारी ते माझ्याकडं आले. खुर्चीवर नीट टेकलेसुद्धा नाहीत.

"त्या रशीदला सांगून एक पंखा तेवढा परत डायरेक्ट करता यील का?"

"अहो अण्णा, पुन्हा बॅटरी उतरेल!"

"उतरू द्या. उतरली की त्याला कळतं."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. मग मी शहाणपणा शिकवायला गेलो. "मग तुम्हीच करत जा ना फोन त्याला."

"करतो की. म्या केला की तो घाबरून इचारतो, 'काय झालं बाबा?' मला काय झालेलं नसतं, भाऊसाहेब. मंग काय सांगू? बॅटरी उतरली म्हंजी बोलायला कायतरी आसतं."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, बाजारात भेंडी महाग झाली म्हणावं तसं. कॅनडातल्या त्या पोराचाही मला राग येईना. तो वाईट नाही. बाबांचं सगळं ठीक चाललंय असं कळलं की माणूस निर्धास्त होतो, इतकंच.

मी रशीदभाईंना बोलावलं. कारण सांगितलं नाही. "अरे यार, पढे-लिखे लोगां तुम," असं पुटपुटत त्यांनी पंख्याची वायर परत थेट बॅटरीला जोडली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी हाक आली. मी धावतच गेलो. फोन वाजला, स्पीकर सुरू झाला. पण आज योगेश वैतागला होता.

"बाबा, परत तेच? मध्ये चांगली चालत होती ना! विकून टाका आता ती गाडी. रिक्षानं जात जा. मला इथं काळजी लागते."

अण्णांचा हात स्टिअरिंगवरच थांबला. आम्ही कोणी एकमेकांकडं बघितलं नाही. गाडी गेली की डबी जाणार, आणि डबी गेली की काय उरणार, हे मला ठाऊक होतं.

"इकू की," अण्णा म्हणाले. "तू आल्यावर इकू. तुझ्या आईला हिच्यातून लई फिरवलं, एकट्यानं इकवत नाय मला. तू ये, मंग गिऱ्हाईक बघू."

अण्णांनी फोन तोंडाच्या आणखी जवळ धरला.

"बघतो बाबा," योगेश म्हणाला. "दिवाळीला जमतंय का बघतो."

"बघ. आणि कानटोपी घाल."

अण्णांनी फोन खिशात ठेवला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि आम्हाला म्हणाले, "दिवाळीला येतो म्हणला."

फोन स्पीकरवर होता. तो नेमकं काय म्हणाला, ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

"मग अण्णा," मी म्हणालो, "योगेशची खोली रंगवून घ्यावी लागेल."