शुक्रवारपुरता खोकला

न्यूमोनिया बरा होऊन तीन आठवडे झाले होते आणि वरदने ही गोष्ट सख्ख्या बायकोपासूनही लपवून ठेवली होती.

डॉक्टर सुरैय्यांनी बजावलं होतं, "खोकला गेला आणि चार जिने धाप न लागता चढलात, की या. एक्स-रे काढू, मग समुद्राचं ठरवू. छातीत कुठे हवा अडकलेली असली, तर वर येताना ती फुगते आणि फुप्फुस फाटतं. घाई नको."

तेव्हापासून वरद आखातातल्या अल मनखूल वस्तीतल्या आपल्या बिल्डिंगचा पहिला मजलासुद्धा लिफ्टने चढत होता. जिना चढलो आणि धाप लागलीच नाही तर?

तसं त्याचं आणि समुद्राचं कधीच जमलं नव्हतं. तेजीच्या दिवसांत मोठ्या साहेबांनी अख्ख्या ऑफिसला फुजैराच्या समुद्रावर नेऊन पाण्याखाली उतरायला शिकवलं. मग मंदी आली. क्रेन जागच्या जागी थिजल्या आणि दर रविवारी कामावरून काढलेल्यांची यादी लागू लागली. पाण्यात उतरणाऱ्यांपैकी एकाचंही नाव त्या यादीत आलं नव्हतं, हे वरदने बोटांवर मोजून ठेवलं होतं. म्हणून दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, वर ऊन, खाली पाणी आणि मधे वरद. पाणी निळं, निळ्याखाली काळं, काळ्याखाली काय ते त्यालाच ठाऊक ज्याने ते केलं. एकेका श्वासाला तो एकेका देवाला हाक मारी. देव संपत, पाठीवरच्या टाकीतली हवा संपत नसे.

अशात न्यूमोनिया झाला. देवच पावला! आता खोकला बुधवारी सुरू होई आणि शनिवारी उतरणीला लागे.

"अरे, डॉक्टरांकडे जा ना एकदा," शुभ्रा रोज म्हणे. "पाच शुक्रवार घरी लोळतोयस. रविवारी नाव लागलं तर अवनीची शाळा अर्ध्यात सोडून निघावं लागेल, कळतंय ना?"

वरदला कळत होतं. समुद्रात गेलो तर फुप्फुस जाईल, नाही गेलो तर नोकरी.

गुरुवारी दिवेलागणीला शुभ्राने आरती झाल्यावर त्याच्या हातात शंख दिला. वरदचं डोकं यादीत होतं आणि हात सवयीत. त्याने शंख तोंडाला लावला. असा लांब, घुमणारा आवाज निघाला की समोरच्या बिल्डिंगमधली कबुतरं उडाली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात गुणवंत सर. वरदचे मॅनेजर आणि पाण्याखालचे जोडीदार.

"शंख कोण वाजवत होतं?"

"वरदच! एका दमात!" शुभ्रा कौतुकाने म्हणाली. "ठणठणीत झालाय. उद्या येतोय तुमच्याबरोबर."

वरद खोकला, पण पंगत उठल्यावर पाहुणा यावा तसा.

सर मात्र मटकन खुर्चीवर बसले. "बरा झालास? मग मी काय करू रे आता?"

"म्हणजे, सर?"

"अरे, तू आजारी म्हणून मला जोडीदार नव्हता. एकट्याने उतरायचं नाही हा नियम. पाच शुक्रवार बोटीवर खजूर खात बसलो मी, कसलं सुख! आज मोठे साहेब म्हणाले, उद्या मीच तुझा जोडीदार. म्हणून तर तुझ्याकडे धावत आलो."

"माझ्याकडे कशाला?"

सरांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली, डोळे मिटले आणि चेहरा पुढे केला. "खोक."

"अहो सर!"

"खोक रे माझ्या तोंडावर. होऊ दे लागण. सहा वर्षं तुझ्या रजांवर सह्या केल्यात मी."

वरद बघतच राहिला. बावीस वर्षं आखातात काढलेला हा माणूस आपल्याइतकाच भितो! त्याच्या छातीवरचा धोंडा अलगद सरकला आणि तिथेच घात झाला. खोकलाच येईना. त्याने घसा खाकरला, छाती बडवली, पाठीत गुद्दा मारून घेतला. आत नुसती स्वच्छ हवा.

शुभ्रा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने कपाळाला हात लावला, मग पदर खोचला. "थांबा. सुक्या मिरच्यांची फोडणी टाकते."

मिनिटभरात घर धुराने भरलं. तिघंही खोकून खोकून लाल झाले. त्या मुहूर्तावर सरांनी मोठ्या साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सर... खॉ... कल का... खॉ खॉ..."

मग फोनमधून खोकला आला. संथ, खोल, मुरलेला.

"अच्छा हुआ गुणवंत, तूने फोन किया. मुझे भी सुबह से यही है. फ्रायडे का प्रोग्राम खलास. और सुन, वरद को बोल, नौकरी की फिकर ना करे. उसका डॉक्टर हाँ बोले, तब सब साथ में उतरेंगे. छे महीने लगें तो लगें. जल्दी किसको है?"

फोन बंद झाला. सरांनी फोनलाच हात जोडले. वरद डोळे पुसत हसायला लागला.

शुभ्राने खिडकी उघडली आणि वळून विचारलं, "पण त्यांच्याकडे फोडणी कुणी टाकली?"