वाघमारे सरांची पट्टी

वाघमारे सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, पट्टी असते. सहा इंची, पारदर्शक, शाळेतल्या मुलांची असते तशी. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी त्यांनी तो मोजला. आधी आडवा, मग उभा. पट्टी अपुरी पडली म्हणून दोन टप्प्यांत. "गोल नाहीये हा, प्रतिभाताई. चार मिलिमीटरचा फरक आहे," असं सांगितलं आणि मगच टाळ्या वाजवल्या.

मी इंग्लंडमध्ये मेडनहेडजवळच्या एका संशोधन संस्थेत लॅब मॅनेजर आहे. काय मागवायचं, काय टाकायचं, कुणी काय परत केलं नाही, या याद्यांवर आमची लॅब चालते आणि सरांमुळे त्या याद्या कोलमडतात. गव्हाच्या ओंब्या कुजवणाऱ्या बुरशीवर ते काम करतात. ही बुरशी प्लेटमध्ये गोल पसरत जाते आणि तो गोल किती वाढला, हे रोज मोजायचं असतं. इतर लोक सोमवार ते शुक्रवार मोजतात. सर रोज मोजतात. ख्रिसमसला ट्रेन बंद असतात, तेव्हा सायकलवर येतात. मग अलार्म वाजतो आणि सिक्युरिटीवाला फोन मला करतो. का? तर यादीत माझं नाव पहिलं आहे.

विद्यार्थी दिसला की 'कसा आहेस' नाही, एकच प्रश्न: "आज किती?"

एप्रिलमध्ये शेजारच्या स्लाऊ गावच्या हॉलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात मी त्यांना बोलायला सांगितलं, ही माझी चूक. कार्यक्रमपत्रिकेत मी स्वच्छ लिहिलं होतं: वाघमारे, पाच मिनिटं. ते चाळीस मिनिटं बोलले. "डीएनए म्हणजे लांबच लांब दोरा. तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांवर मिथिलच्या बारीक खुणा असतात. दोऱ्याचा कुठला भाग वाचायचा, कुठला मिटून ठेवायचा, हे त्या खुणांवर ठरतं. आता खुणा करणारं एक एन्झाइम काढून टाका. बाकी दोरा तोच! पण बुरशी धड वाढत नाही आणि गव्हाला धड आजारीही पाडत नाही!"

"सर, बिर्याणी गार होतेय," मागून एक आजोबा म्हणाले.

"दोनच मिनिटं," म्हणत सरांनी पुढची स्लाइड लावली.

गेल्या आठवड्यात तर हद्द झाली. खालच्या मजल्यावरचा जुना इन्क्युबेटर शुक्रवारी बंद करायचा होता. आत एकोणचाळीस प्लेटा निघाल्या. अडतीस जणांनी आपापली प्लेट नेली किंवा टाकायला सही दिली. उरली एक. तिच्यावर लिहिलं होतं: मीरा.

मीराला लॅब सोडून चार वर्षं झाली. स्लाऊतच जन्मलेली, सरांकडे पीएचडी करणारी, त्यांना 'अंकल' म्हणणारी एकमेव विद्यार्थिनी. ते खुणांचं एन्झाइम बुरशीतून पहिल्यांदा तिनंच काढून टाकलं. तिची बुरशी जेमतेम वाढायची. सरांनी भर मीटिंगमध्ये तिला सुनावलं होतं, "दोष बुरशीत नाही, तुझ्या हातात आहे. परत कर." तिनं तीनदा केलं, तीनदा तेच झालं. मग ती सोडून गेली आणि एका वेअरहाऊसच्या ऑफिसात लागली.

मी प्लेट आणि फॉर्म घेऊन सरांकडे गेले. "मालक नसलेली प्लेट नष्ट करायची असते. सही करा."

"नाही."

"मग फ्रीझरमध्ये ठेवा."

"दोनदा ठेवली. परत जागी होत नाही. बीजाणूही धरत नाही. दर पंधरवड्याला हातानं नव्या प्लेटवर न्यावी लागते."

"म्हणजे चार वर्षं तुम्ही हेच करताय?"

सरांनी एक वही पुढे सरकवली. तारीख, व्यास आणि 'हात' असे तीन रकाने. कुणाच्या हातची बुरशी ते शेवटच्या रकान्यात. पानंच्या पानं मीरा. मग एका पानापासून एक ओळ मीरा, एक ओळ वाघमारे. आकडे एकाखाली एक, तेच.

"ती गेल्यावर मी स्वतः पहिल्यापासून करून पाहिली," सर म्हणाले. "तेवढीच वाढली. चूक नव्हती ती, ताई. उत्तरच ते होतं."

"तिला सांगितलंत?"

सर पट्टी वाकवत राहिले. "आधी म्हटलं, नीट खात्री करू."

"चार वर्षं? बरं, खात्री झाली ना? मग स्वतःची ठेवा, ही कशाला?"

"माझी काय दाखवू तिला?"

मला इतका राग आला होता की मी भांडत बसले नाही. मी यादीत पंधरावा मुद्दा लिहिला, 'मीराला फोन'. सोडून गेलेल्यांच्या यादीत तिचा नंबर होता. तो लावला, स्पीकर चालू केला आणि फोन सरांच्या हातात दिला.

"हॅलो? प्रतिभाआंटी?"

सरांनी फोन टेबलावर ठेवला, प्लेट उलटी केली आणि पट्टी लावली. आधी आडवी, मग उभी.

"आज अकरा," ते म्हणाले.

"अंकल?"

"नव्या प्लेटवर चौथा दिवस आहे. तुझीही अकरा, माझीही अकरा. तुझा हात बरोबर होता, मीरा."

पलीकडे कुठेतरी फोर्कलिफ्टचा बीप बीप ऐकू येत होता.

"तुम्ही... अजून ठेवलंय ते?"

"हो."

"मी बघायला येऊ? पण मला सॅटर्डेलाच जमेल. तेव्हा कुणी असतं का तिथे?"

"मी असतो," सर म्हणाले. "रोजच असतो."

मी यादीत 'इन्क्युबेटर बंद'पुढचा शुक्रवार खोडला आणि सोमवार लिहिला.